बाकडं कापण्याआधी हे वाचा!

आपल्याकडे जुनी बाइक मॉडिफाय करायचं वेड असतं ना, तसं अमेरिकेत बोटीचं असतं. जॉन बोट म्हणजे सपाट तळाची, अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची छोटी होडी. सेकंडहँड घ्यायची, गॅरेजमध्ये लावायची आणि वीकेंडला कामाला लागायचं. आधी ट्रेलरवरच तिच्यात थोडं पाणी भरतात. ज्या रिव्हेटमधून थेंब गळेल, तिथे मार्करने खूण. गळती बंद झाली, की मग डेक.

खरी गोम इथेच आहे. बुरशी लागू नये म्हणून तांब्याचं रसायन मुरवलेलं लाकूड तिथे सहज मिळतं. पण ते ओलं होऊन अ‍ॅल्युमिनियमला टेकलं, की बारावीच्या केमिस्ट्रीतला गॅल्व्हानिक सेल तयार! पत्रा हळूहळू पोखरला जातो. त्यापेक्षा मरीन प्लायवूड बरं, वरून इपॉक्सीचा थर.

दुसरा मोह बाकडी कापण्याचा. जागा मोकळी होते हो, पण बाकड्यांमुळेच पत्रा ताठ राहतो. त्यांच्या पोटात बरेचदा फोम असतो. बोटीत पाणी शिरलं तरी तिला तरंगत ठेवतो तो हाच. काढलात, तर तेवढाच फोम डेकखाली परत भरा.

तिथे २० फुटांखालच्या मोटरबोटींवर माणसं, वजन आणि मोटरची ताकद यांची मर्यादा सांगणारी प्लेट असते. डेकचं वजनही त्याच हिशेबात धरा. डेक जितका उंच, तितकी बोट कलंडायला सोपी. त्यामुळे हौस झाली तरी लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात उतरायचं, कळलं?