फिरत्या घराची वीज

शेगांवचें दर्शन, मग लोणारचें सरोवर, परततांना सिंदखेड राजा, हा फेरा बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या पायांखालचा आहे. अलीकडे कांहीं घरें तो निजण्या-बसण्याची सोय केलेल्या स्वतःच्या मोटारींतून करूं लागलीं आहेत. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. अशा मोटारींतील गाद्या, ओटा, पडदे यांची निवड घरांतील मंडळी हौसेनें करितात. बॅटरी मात्र "कारागीर बसवील ती" म्हणून सोडून देतात. आम्हींही तेंच केलें होतें.

वैशाखांतील गोष्ट. लोणारास मुक्काम होता, आणि मातोश्रींच्या इन्सुलिनच्या बाटल्या मोटारींतील शीतपेटींत होत्या. पहांटे तीनच्या सुमारास पेटीची घरघर थांबली. इंजिन सुरू करणारी बॅटरी शाबूत होती; घराच्या विजेसाठीं बसविलेली दुसरी पार रिकामी झाली होती. सर्व मंडळी निजलेली असतां रात्रभर इंजिन चालवीत बसणें शक्य नव्हतें. तेव्हां मातोश्रींनींच तोड काढली. पाण्याच्या सुरईस ओलें फडकें गुंडाळून त्याच्या घडींत त्यांनीं औषधाची घट्ट झांकणाची डबी बांधली, आणि ती सुरई वाऱ्यावर ठेवविली.

दोष बॅटरीच्या जातींत होता. कारागिरानें पहिलीसारखीच दुसरी बसविली होती. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरींत शिशाच्या पुष्कळ पातळ पट्ट्या असतात; क्षणभर प्रचंड प्रवाह द्यावा आणि लगेच पुन्हां भरून घ्यावें, हें तिचें काम. तिला रोज रात्रभर उपसलें तर कांहीं महिन्यांतच ती निकामी होते. घरासाठीं हवी ती डीप सायकल जातीची. हिच्या पट्ट्या जाड, आणि सावकाश रिती होणें व पुन्हां भरणें हाच हिचा धर्म. वाचकांनीं ती पाहिलेली आहे : भारनियमनाच्या काळांत घरोघर आलेली इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची होय. तीच उचलून मोटारींत ठेवावी असें मात्र कोणी मनांत आणूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, तो निजावयाच्या खोलींत कोंडतां कामा नये. शिवाय राजूर घाटाच्या वळणांवर अ‍ॅसिड हिंदकळतें तें निराळेंच.

आतां हिशेब. बारा व्होल्टची लहान शीतपेटी चालतांना सुमारें ४ अँपिअर घेते. उन्हाळ्यांत ती निम्मा वेळ तरी चालते. म्हणजे दिवसास ४८ अँपिअर-तास. दोन अँपिअरचे दोन पंखे आठ तास, ते ३२. दिवे व मोबाईल मिळून १३. एकूण ९३. शिशाची बॅटरी निम्म्याखालीं उतरूं दिली तर तिचें आयुष्य घटतें, म्हणून ती २०० ची घ्यावी लागते. वजन साठ किलोंच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐंशीं टक्के वापरतां येते, म्हणून १२० ची पुरते, आणि वजन पंधरा किलोंच्या आसपास. चहाची विजेची किटली या हिशेबांत धरलेली नाहीं. हजार वॅटची किटली इन्व्हर्टरमार्फत नव्वदेक अँपिअर ओढते. चहा गॅसवरच करावा.

लिथियम महाग खरी, तरी आम्हीं तीच घेतली. शेगांवहून खामगांव-मेहकरमार्गें लोणार म्हणजे सुमारें तीन तासांची वाट. शिशाची बॅटरी शेवटचा पांचवा हिस्सा फार रेंगाळत भरते, तेवढ्या वाटेंत ती पूर्ण भरत नाहीं. लिथियम शेवटपर्यंत जवळजवळ एकाच वेगानें भरते. मात्र ती इंजिनाच्या आल्टरनेटरला सरळ जोडूं नये. ती इतका प्रवाह ओढते कीं आल्टरनेटर तापून जळण्याची भीति. मध्यें ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला कीं तीन तासांत जवळजवळ दिवसाची बेगमी होते. छतावरील सौर पट्ट्यांचा आधार चांगला; परंतु वैशाखांत मोटार कडुलिंबाखालीं उभी करावी, असें वडील मंडळी म्हणणार, आणि तें बरोबरच आहे.

आपल्याकडे खरी वैरीण उष्णता. बुलढाणा शहर डोंगरावर असल्यामुळें थोडें सुसह्य. पण खामगांव-मलकापूरच्या सपाटीवर पारा चाळिशीपार जाणें नवलाचें नाहीं, आणि बंद मोटारींत तर भट्टीच. पंचवीस अंशांवर दर दहा अंशांस शिशाच्या बॅटरीचें आयुष्य साधारण निम्मे होतें. लिथियमही तापलेली असतां भरूं नये. बहुतेक बनावटींची मर्यादा ४५ अंश असते. म्हणून बॅटरी इंजिनाजवळ किंवा धुराड्याच्या नळीवर न बसवितां आंत, जमिनीलगत, हवा खेळेल अशा पेटींत, पोलादी पट्ट्यांनीं आंवळून बसवावी. धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत फ्यूज हवाच, आणि तारा जाड. या कामांत काटकसर म्हणजे आगीस निमंत्रण. आणखी एक : लिथियमचा व्होल्टेज रिकामी होत आली तरी फारसा उतरत नाहीं, त्यामुळें साधा मापक फसवितो. गेलेले व आलेले अँपिअर मोजणारा मापकच लावावा. मोटारीच्या मूळ रचनेंतील बदलांस मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें परवानगी लागते, तीही आधींच घ्यावी.

यंदाच्या फेरींत शीतपेटी एकदांही थांबली नाहीं. मातोश्रींनीं सुरई मात्र बरोबर घेतलीच होती.