वनस्पतींचे अर्क आणि मांसल कोंबड्या

बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें धारूर हें गांव किल्ल्याकरितां व सीताफळांकरितां प्रसिद्ध आहे. पाऊस बेभरंवशाचा असल्यामुळें येथील शेतकऱ्यास जोडधंद्याची गरज नेहमींच भासते. मांसल, म्हणजे ब्रॉयलर, कोंबड्यांचें पालन हा असाच एक धंदा होय. पिलूं पांच-सहा आठवड्यांत सुमारें दोन किलोचें होतें. परंतु एकंदर खर्चापैकीं जवळजवळ दोन तृतीयांश खर्च एकट्या खाद्यावर होतो. तेव्हां खाल्लेल्या खाद्याचें मांस किती झालें, यावरच नफातोटा अवलंबून असतो.

वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यांत प्रतिजैविक औषधें अल्प प्रमाणांत मिसळण्याची पद्धत १९५० च्या सुमारास अमेरिकेंत सुरू झाली व पुढें जगभर पसरली. परंतु या संवयीनें औषधास न जुमानणारे जंतू निपजतात आणि ते माणसांपर्यंत पोंचतात, असें आढळून आलें. युरोपीय संघानें २००६ च्या आरंभापासून ही पद्धत बंद केली. भारतानेंही २०१९ सालीं कोलिस्टिन हें औषध खाद्योपयोगी जनावरांस व कोंबड्यांस देण्यास मनाई केली. त्याऐवजीं काय द्यावें, या प्रश्नामुळें वनस्पतींकडे लक्ष वळलें.

ओव्यांतील थायमॉल, ठेचलेल्या लसणींतील अ‍ॅलिसिन व हळदींतील कर्क्युमिन हीं द्रव्यें आंतड्यांतील अपकारक जंतूंस आवर घालतात व पचनास साहाय्य करतात, असें पुष्कळ प्रयोगांत दिसलें आहे. मात्र कोठें वजन वाढलें, तर कोठें मुळींच फरक पडला नाहीं. याचें एक कारण अर्क काढण्याच्या व देण्याच्या रीतींत आहे. थायमॉल उडून जाणारें असल्यामुळें ओवा उघड्या भांड्यांत फार वेळ उकळल्यास त्याचा गुण वाफेबरोबर जातो. कर्क्युमिन पाण्यांत विरघळत नाहीं. हळद पाण्यांत कालविली तर ती तळाशीं बसते व नळ्या तुंबविते. तिची बारीक पूड किलोभर खाद्यास सुमारें पांच ग्रॅम या मानानें मिसळणें बरें.

वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही खोटी आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, आणि तीच डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते. असलें बीं खाद्यांत जातां कामा नये. तसेंच मानमोडी, म्हणजे राणीखेत, व गंबोरो या रोगांवर लस टोंचणें वा पाजणें अवश्य आहे. अर्क हा लशीची जागा घेऊं शकत नाहीं.

मग अर्काचा उपयोग होतो कीं नाहीं, हें कसें ओळखावें? एकाच दिवशीं आलेल्या शंभर पिलांचे दोन सारखे भाग करावे. जागा, खाद्य, पाणी व लस सारखीं ठेवून अर्क एकाच भागास द्यावा. दर आठवड्यास वजन, खपलेलें खाद्य व मेलेलीं पिलें यांची नोंद ठेवावी. दोन किलोच्या पक्ष्यास ३.४ किलोऐवजीं ३.२ किलो खाद्य पुरलें, तर हजार पक्ष्यांमागें दोनशें किलो खाद्य वांचलें. त्याच्या किंमतीहून अर्काचा खर्च कमी असेल, तरच तो परवडला. एका खेपेंतील फरक योगायोगाचाही असूं शकतो. म्हणून दोन-तीन खेपा पाहून मग निर्णय करावा. शंका आल्यास परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांतील तज्ज्ञांस विचारावें.

कोरडी गादी, स्वच्छ पाणी व खेळती हवा नसेल, तर कोणताही अर्क कामास येत नाहीं. हीं तिन्ही असतील, तर ओवा आणि हळद यांची परीक्षा करून पाहण्यास हरकत नाहीं.