पोटांतील चौदा सुया

“कुत्रें चावलें तर चालेल, पण ती सुई नको,” असें आमच्या भागांतील जुनीं मंडळी अद्यापि म्हणतात. हा निव्वळ अडाणीपणा होय, असें शिकलेले लोक समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण त्या भीतीचा उगम आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे.

सन १९८० च्या सुमारास आमच्या शेजारच्या एका बागाईतदारांस मळ्यांत पिसाळलेलें कुत्रें चावलें. दवाखान्यांत रोज एक याप्रमाणें बेंबीच्या आजूबाजूस सुया टोंचण्यास आरंभ झाला. दहा-बारा दिवस लोटले न लोटले तोंच त्यांचे पाय लुळे पडले व लघवी कोंडली. प्राण वांचले, परंतु चार महिने अंथरूण सुटलें नाहीं, आणि पुढें जन्मभर ते काठी टेकीतच बांधावर येत. कुत्र्यानें नव्हे, सुईनें घात केला, असा गांवानें निकाल दिला.

तो निकाल खोटा नव्हता. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास टोंचलेली लस सशाचा मज्जारज्जु वाळवून केलेली होती. आपल्याकडे कसौली येथें डेव्हिड सेम्पल यांनीं १९११ सालीं मेंढीच्या मेंदूंत रोगाचें विष वाढवून तें कार्बॉलिक आम्लानें मारण्याची रीत बसविली. लस स्वस्त होती व तिनें असंख्य जीव वांचविले, हें कबूल केलेंच पाहिजे. पण लसीबरोबर मेंदूचा अंशही शरीरांत जाई. विजेच्या तारेवर वेष्टन असतें तसें आपल्या मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टन असतें, आणि मेंढीच्या मेंदूंतही तसेंच असतें. त्या परक्या द्रव्याशीं झुंजावयास उठलेलें शरीर क्वचित् आपल्याच वेष्टनावर उलटे, आणि हातपाय जात. कांहीं रोगी दगावतही. पिसाळरोगाचाही एक प्रकार हातपाय लुळे करणारा आहे. त्यामुळें हा घात रोगाचा कीं लसीचा, हें ओळखणें वैद्यांसही अवघड जाई.

पेशींवर वाढविलेल्या नव्या लसी आल्यावरही त्यांच्या किंमतीमुळें जुनी लस सरकारी दवाखान्यांतून पुष्कळ वर्षें चाललीच. अखेर सन २००४ च्या शेवटीं आपल्या देशांत तिचें उत्पादन बंद झालें. नव्या लसींत मेंदूचा अंश नाहीं. ती पोटांत टोंचीत नाहींत, दंडांत टोंचतात. चावल्यानंतर पहिली लस दिली तो दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं. कातडींत टोंचण्याची रीतही सरकारी दवाखान्यांत आहे. बहुधा दंड दुखतो, अंग कोमट होतें, इतकेंच.

हें आम्हांस उशिरा कळलें. आमच्या नोकरीच्या शेवटच्या काळांत त्याच बागाईतदारांच्या नातवास कुत्र्याचें पिल्लूं चावल्याचें कानीं आलें. “दवाखान्यांत जा,” एवढेंच आम्ही म्हणालों. सुई बदलली आहे हें सांगितलें नाहीं, कारण आम्हांसच तें ठाऊक नव्हतें. घरच्यांनीं आजोबांची काठी आठवून जखमेंत चुना व तिखट भरलें. दोन महिन्यांनीं पोराला पाण्याचा घोट जाईना. त्याच्या वारसनोंदीचे कागद आमच्याच मेजावर आले. मयताचें वय २६. उताऱ्यावर एकदां पडलेली नोंद फेरफार झाल्यावांचून हलत नाहीं, हें आम्ही तीस वर्षें लोकांस सांगत आलों. गांवाच्या मनांतली नोंद दुरुस्त करण्याचें मात्र सुचलें नाहीं.

चावल्याबरोबर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. चुना, तिखट, हळद कांहीं भरूं नये. रक्त आलें असल्यास लसीबरोबर जखमेंतच तयार प्रतिद्रव्य टोंचावें लागतें, तें डॉक्टरांकडे आग्रहानें मागावें. एकदां लक्षणें उमटलीं म्हणजे उपाय जवळजवळ नाहींच.

गुरांविषयींही लिहिणें अवश्य आहे. गाय किंवा म्हैस लाळ गाळते, घोगरी हंबरते, वैरण गिळत नाहीं. घशांत कांहीं अडकलें असेल असें वाटून धनी कोपरापर्यंत हात घालतो. हातावर ओरखडा असला कीं ती लाळ चावल्यासारखीच. अशा वेळीं हात घालूं नये, पशुवैद्यांस बोलवावें. आणि हात घालून झाला असेल तर तो धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.