ऑटोमॅटिक गाडीचे गिअर ऑइल : बदलायचे का आणि कधी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला गॅरेजमध्ये ‘एटीएफ’ म्हणतात. वंगण हे त्याचे एक काम झाले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचते ती या तेलातूनच. त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि या सगळ्यात निर्माण होणारी उष्णता तेच कूलरपर्यंत वाहून नेते. चकत्यांची पकड कुठे हळुवार असावी आणि कुठे घट्ट, हेही तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरते. उष्णतेने आणि वापराने ही रसायने संपत जातात. त्यामुळे तेल बदलावे लागते का, याचे उत्तर ‘लागते’ असेच आहे. वाद उरतो तो कधी, कोणते आणि कसे, एवढ्यापुरता.

पहिला घोळ गाडी ओळखण्यातच होतो. क्लचचे पेडल नाही ती ऑटोमॅटिक, असे सरसकट समजले जाते. पण अशा गाड्यांत मुख्यतः चार जातींचे गिअरबॉक्स असतात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर भारतात आलेली आणि पुढे वॅगनआर, टियागो, पंच यांतून गावोगाव पोचलेली एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही दोन कामे तेवढी यंत्राकडे दिलेली असतात. त्यात एटीएफ नसते. साधे गिअर ऑइल असते आणि बहुतेक गाड्यांत ते यंत्र हलवणारे थोडेसे वेगळे हायड्रॉलिक तेल. एएमटीच्या मालकाला कोणी ‘एटीएफ फ्लश’चा खर्च सांगितला, तर तो नेमका कशाचा हे आधी विचारावे. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन किंवा २०२२ पासूनची ब्रेझा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि एटीएफचा खरा प्रश्न याच गाड्यांचा आहे. होंडा सिटीसारख्या गाड्यांतली सीव्हीटी पट्टा आणि पुली यांवर चालते, तिचे तेल निराळे. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पुन्हा कोरडा क्लच आणि तेलात बुडालेला क्लच असे दोन प्रकार आहेत. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीला कंपनीच ६०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते.

सर्वांत पक्का बसलेला समज म्हणजे हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले असते. तो पसरायला काही कंपन्यांच्या गाडीबरोबरच्या पुस्तिकाच कारण आहेत. त्यांत तेल बदलण्याचा रकाना रिकामा असतो किंवा ‘तपासा’ एवढेच लिहिलेले असते. पण बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे अशी मर्यादा सांगते. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि गाडी विकणारा दुसरे, अशा वेळी बनवणाऱ्याचे ऐकणे शहाणपणाचे. शिवाय अनेक पुस्तिकांत मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ या नावाखाली वेगळे वेळापत्रक असते. तुंबलेली वाहतूक, चढाव, धूळ, कडक उन्हाळा, ओझे ओढणे असे वापराचे प्रकार त्यात मोडतात. ते पान फारसे कोणी उघडत नाही.

रायगड जिल्ह्यातला रोजचा वापर बहुधा याच पानावर बसतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही सगळी नाकी याच टप्प्यावर. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत इथे गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत राहतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वेग वाढल्यावर लागणारा लॉक-अप क्लच असतो. तो लागला की तेल घुसळणे थांबते. रांगेत सरकताना तो लागतच नाही, तेल सतत घुसळले जाते आणि समोरून वाराही नसल्याने कूलर दमतो. माणसे आणि सामान भरून ताम्हिणी घाट चढणाऱ्या गाडीचीही हीच तऱ्हा. तेलाचे तापमान सामान्य वापरात ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यापुढे दर दहा अंशांना तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. म्हणून टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला या भागात ६०,००० ते ८०,००० किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षे, यांतले जे आधी येईल ते, ही सावध आणि परवडणारी मर्यादा आहे. पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर अर्थात तोच पाळायचा.

वर्षांची मर्यादा सहज विसरली जाते. गाडी मुंबईत सोसायटीच्या आवारात उभी, वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला गावी येते, तेव्हा किलोमीटर कुठे झाले, असे म्हटले जाते. पण अशी गाडी जे थोडे चालते ते नेमके भरलेल्या महामार्गावर, आणि उभ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दमट हवेतली ओल श्वसननळीतून (ब्रीदरमधून) जातच असते.

‘जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो’ हा समज याच्या अगदी उलट टोकाचा, आणि त्यात तथ्याचा एक अंश असल्यामुळे तो मोडणे कठीण जाते. एक लाख किलोमीटरवर पहिल्यांदा तेल बदलले आणि महिनाभरात गिअर घसरू लागले, असे घडते. मात्र अशी गाडी बहुतेकदा आधीपासूनच झटके देत असते, म्हणूनच ती गॅरेजला नेलेली असते. चकत्यांचे अस्तर झिजलेले असते आणि त्याचा गाळ जुन्या तेलात तरंगत असतो. नवे तेल झिजलेले अस्तर परत आणत नाही, इतकेच. दुसरे कारण पद्धतीत असते. मशीन लावून बाहेरच्या जोराने तेल ढकलले तर साचलेला गाळ उखडून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. जास्त चाललेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या गाडीला त्यामुळे फ्लश टाळावा; चेंबरचा बोल्ट काढून तेल गळू द्यावे आणि तेवढेच नवे भरावे. चेंबर उघडला तर आतले लोहचुंबकही पाहावे. त्यांवर करडा, मऊ लेप असणे नेहमीचे आहे. हाताला टोचणारे धातूचे कण किंवा अस्तराचे तुकडे निघाले, तर खर्च तेलावर नव्हे, गिअरबॉक्सच्या दुरुस्तीवर करावा लागणार हे समजावे.

बोल्ट काढून तेल गाळले म्हणजे सगळे तेल निघाले, हाही गैरसमजच. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत निम्म्याच्या आसपास तेल राहून जाते. एकदा बदलल्यावर निम्मे नवे, थोडी गाडी चालवून पुन्हा बदलल्यावर पाऊण, तिसऱ्यांदा सुमारे ८७ टक्के, असा हिशेब बसतो. तेल भरतानाची पातळी तर त्याहून नाजूक. अनेक नव्या गाड्यांत एटीएफची डिपस्टिकच नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि तेल कंपनीने दिलेल्या तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपास असताना ओव्हरफ्लोच्या बोल्टमधून पातळी पाहतात. मे महिन्यातल्या दुपारी पनवेलहून आलेली गाडी तेवढी निवायला तास जातात. हे काम सकाळी पहिले घ्यावे. स्कॅनरवर तापमान न पाहता ‘निघाले तेवढे ओतले’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

रंगावरून निदान करण्याची सवय डिपस्टिकच्या काळातली आहे. एटीएफचा लाल रंग हा गळती कुठून होते ते ओळखता यावे म्हणून घातलेला असतो. तो काळवंडला म्हणजे तेल मेलेच असे नाही. जळका वास मात्र गंभीर. इंजिन ऑइलप्रमाणे हे तेल जळून कमी होत नाही, म्हणून पातळी उतरली तर ती गळतीच.

लाल दिसते ते कोणतेही तेल चालते, असे समजून दुकानातला स्वस्त डबा भरला जातो. तेलांची ही वेगवेगळी मानके घर्षणासाठीच जन्मली. जनरल मोटर्सच्या १९६७ च्या डेक्सरॉन तेलात पकड राखण्यासाठी चक्क देवमाशाचे तेल असे. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर १९७० च्या दशकात नवी रसायने शोधावी लागली. सीव्हीटीचा पट्टा न घसरण्यावरच ती चालते, म्हणून तिच्यात साधे एटीएफ भरणे म्हणजे गिअरबॉक्स हातानेच मारणे. डब्यावर पुस्तिकेतलेच मानक छापलेले हवे.

किलोमीटर न मोजता तेल ताबडतोब बदलावे लागते ते पुरानंतर. पेणजवळ भोगावती, नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका या नद्या फुगतात, त्यातच भरती असली तर पाणी ओसरत नाही. खाडीकाठच्या खारेपाटात उधाणाचे पाणी खारेही असते. पाणी श्वसननळीतून गिअरबॉक्समध्ये शिरते, चकत्यांचे अस्तर फुगते आणि चिकटवलेले सुटते. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर हेच झालेले असते. अशी गाडी सुरू करू नये आणि दोरी बांधून ओढूही नये, कारण इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

काढलेले तेल दारे-खिडक्यांना वाळवी लागू नये म्हणून फासण्याची किंवा गटारात ओतण्याची पद्धत जुनी आहे. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते. ते वेगळ्या पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचे असते.