रात्रीच्या गाड्या आणि गाडीतळाचा हिशोब

घोडेगावचे नाव व्यापारी बांधवांना जनावरांच्या बाजारामुळे ठाऊक आहे. बाजार शुक्रवारी भरतो. पण बाहेरगावचे व्यापारी आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात. आमच्या लहानपणी ते बैलगाडीने येत. गाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीखाली पथारी पसरून झोपायचे. त्याला गावात कोणी हरकत घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. कारण त्यांची जागा ठरलेली होती. त्या जागेला गाडीतळ म्हणत.

आज गाड्या बदलल्या. आमचे गाव नगर-औरंगाबाद (आता अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावर आहे आणि शनिशिंगणापूरचा फाटा इथूनच फुटतो. देवस्थान पाच-सहा किलोमीटरवर. शनिवारी गर्दी असतेच; शनि अमावास्या आली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. गुजरात, मध्य प्रदेश, दूरदूरच्या मुलखातून लोक येतात. लॉजचे भाडे वाचवण्यासाठी बस, टेम्पो ट्रॅव्हलर, जीप रस्त्याच्या कडेला लावतात आणि आतच झोपतात. बसबरोबर आचारी, शेगडी, सिलिंडर, सगळा संसार असतो. आता तर पलंग, मोरी, स्वयंपाकाचा ओटा असे सगळे आत असलेली मोटारघरेही क्वचित दिसू लागली आहेत. त्यांना कॅराव्हॅन म्हणतात.

या रात्रीच्या गाड्यांवरून जागोजागी गावकरी आणि पाहुणे यांच्यात तंटे होतात. मध्ये सापडतो तो दुकानदार. म्हणून हा विषय आज व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

आधी आमचीच चूक सांगतो. मागे एका शनि अमावास्येच्या आदल्या रात्री एका मिनीबसचा ड्रायव्हर दुकानावर आला. "चाचा, रात्रभर गाडी लावू का?" दुकानाशेजारी आमची मोकळी जागा होती. आम्ही हो म्हणालो. त्या मंडळींनी सोलापुरी चादरी घेतल्या, टॉवेल घेतले, थोडे काळे कापडही घेतले. गल्ला भरला, आम्ही खूश. सकाळी शेजारच्या आक्का दारात उभ्या. त्यांच्या नळाचे पाणी रात्रीत संपले होते, गटारात भात तुंबला होता आणि भिंतीआड जे झाले होते ते लिहिण्यासारखे नाही. आक्का एवढेच म्हणाल्या, "भाई, चादरी तुम्ही विकल्या आणि घाण आमच्या दारात. हा कुठला हिशोब?"

आमच्याकडे जवाब नव्हता. पोराला घेऊन जागा साफ केली आणि पुढे कित्येक महिने कोणालाच गाडी लावू दिली नाही. शेजार सांभाळला, पण गिऱ्हाईक पुढच्या गावी गेले. दोन्हीकडून नुकसानच. तेव्हापासून या प्रश्नाचा जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, तंटा गाडी उभी राहण्याचा नसतो. तो असतो पाणी, शौचालय, कचरा आणि आवाज या चार गोष्टींचा. हिशोब करून पाहा. एका बसमध्ये ४० माणसे आणि माणशी फक्त १० लिटर पाणी धरले, तरी ४०० लिटर झाले. अशा दहा बस म्हणजे ४,००० लिटर, ट्रॅक्टरमागचा जवळजवळ एक लहान टँकर. उन्हाळ्यात एवढे पाणी एका आळीच्या नळावरून गेले, तर आक्कांनी ओरडू नये तर काय करावे?

आणि रात्रीच्या स्वयंपाकाचा धोका वेगळाच. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात, नियम मोडून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून ९ जणांचा जीव गेला. झोपलेल्या माणसांनी भरलेली बस आणि शेजारी पेटलेली शेगडी, हे त्याच जातीचे संकट आहे.

दुसरी गोष्ट, नुसती बंदी घालून प्रश्न सुटतो का? गोव्यात बसने येणारे पर्यटक रस्त्याकडेला चुली मांडतात म्हणून स्थानिक लोक फार नाराज होते. तेथील सरकारने २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याचा आधार घेऊन २०२२ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई केली आणि ५,००० रुपयांपासून ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. दंडाचा धाक बसतो, हे खरे. पण गरीब मुसाफिराला भूक लागायची थांबत नाही. त्याला चूल कुठे मांडू नये हे सांगितले, तर कुठे मांडावी हेही सांगावे लागते.

युरोपातही हेच झाले. पोर्तुगालने जानेवारी २०२१ पासून नेमलेल्या जागा सोडून मोटारघरात रात्र काढण्यास बंदी केली. ओरड झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा बदलावा लागला. समुद्रकिनारा आणि संरक्षित भाग वगळून इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली. न्यूझीलंडने २०११ मध्ये अशा मुक्कामासाठी कायदा केला आणि २०२३ मध्ये तो कडक केला. आता पालिकेच्या जागेवर वाहनात मुक्काम करायचा तर साधारणपणे वाहनात पक्के बसवलेले शौचालय हवे. फ्रान्समधील कितीतरी लहान गावांनी याहून शहाणपणाची वाट धरली. गावाबाहेर जागा आखली, पाण्याचा नळ दिला, घाण पाणी सोडण्याची सोय केली. पाहुणा रात्र काढतो आणि सकाळी गावातल्या दुकानात पाव घेतो.

पण फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. पंढरपुरात वारीच्या काळात चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडत आणि घाण होई. उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली, तेव्हा नदीपलीकडे ६५ एकरांची जागा तयार झाली. तिथे दिंड्यांना जागा, पाणी, शौचालये मिळतात. अजमेरला उर्साच्या वेळी देशभरातून जायरीनच्या बसगाड्या येतात. दर्ग्याच्या गल्ल्यांत त्या मावणार कशा? शहराबाहेर कायड येथे विश्रामस्थळी आहे. बस तिथे उभ्या राहतात, मंडळी तिथेच उतरतात, शिजवतात, झोपतात आणि शहरात दुसऱ्या गाडीने जातात. वारकरी असो की जायरीन, थकलेल्या माणसाची गरज एकच आहे आणि तोडही एकच आहे. ती म्हणजे गाडीतळ.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायदा १९५८ चा आहे. त्याच्या १२४ व्या कलमात ग्रामपंचायतीने बसवायच्या कर व फीच्या यादीत बाजाराच्या फीबरोबर गाडीतळाची फीदेखील आहे. म्हणजे आपण नवे काही मागत नाही. जुनी सोय नव्या गाड्यांना लावा, एवढेच मागायचे आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. त्यात अशी वाहने उभी करण्यासाठी खासगी जागेवरही पार्क उभारण्याची कल्पना आहे. मात्र जागा शेतीची असेल, तर तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावे. आणि रस्त्यावर धोका होईल अशी गाडी उभी करणे हा मोटार वाहन कायद्याने (१९८८, कलम १२२) गुन्हा आहे. हे आपल्या दुकानासमोर थांबणाऱ्या ड्रायव्हरला आपणच सांगावे.

जागेचा अंदाज असा. मोठी बस सुमारे ४० फूट लांब, ८ फूट रुंद, म्हणजे ३२० चौरस फूट. वळायला, उतरायला, चुलीला जागा धरली, तर एका बसला एक गुंठा (१,०८९ चौरस फूट) पुरतो. दहा गुंठ्यांत दहा बस. वस्तीपासून दूर, रस्त्याला लागून. पाण्याची टाकी, स्त्रियांची आणि पुरुषांची वेगळी शौचालये, कचऱ्याचे पिंप, चुलीसाठी गाड्यांपासून लांबचा कोपरा, रात्री दहानंतर गाणी बंद आणि एक राखणदार. फी पावती फाडूनच घ्यावी. त्या पैशातून आधी सफाईवाल्याचा पगार, मग बाकी सगळे.

कारागीर बांधवांची रोजीही याच तळावर आहे. पंक्चर, बॅटरी, वायरिंग, वेल्डिंग, गादी-उशी, सीटचे कव्हर, सगळे काम इथे येईल. पण एक इशारा. जुन्या टेम्पोचे मोटारघर करून द्या, असे कोणी म्हणाले, तर घाईने हात घालू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आधी मालकाने आरटीओची मंजुरी आणावी, मग आपण हातोडी उचलावी.

शिंगणापूरच्या रस्त्यावर "लटकू" हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. गाडीला लटकायचे, फुकट पार्किंग म्हणून आपल्या दुकानाकडे वळवायचे आणि पूजेचे साहित्य मनमानी दराने गळ्यात मारायचे. असा फसलेला माणूस घरी जाऊन साऱ्या गावाला नाव ठेवतो आणि त्या नावात आपले दुकानही येते. गाडीतळाची फी फळ्यावर लिहिलेली असेल, तर लटकूचा धंदा आपोआप आटतो. फुकट जागेच्या नावाखाली लुबाडण्यापेक्षा ठरलेली फी घेऊन सोय देणे, ही हलाल कमाई आहे आणि तिच्यातच बरकत आहे.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. तिथून शिर्डी आणि शिर्डीहून शिंगणापूर, हा यात्रेकरूंचा नेहमीचा रस्ता. तेव्हा गाड्या दुप्पट होतील की चौपट, हे आम्ही सांगू शकत नाही. पण रात्र प्रत्येक गाडीवर येणार. म्हणून रस्त्यावरच्या गावांतील पाच-दहा दुकानदारांनी, सर्व समाजांचे मिळून, आजच ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा. अर्जावर पहिली सही आपली नको. ज्या घरासमोर गाड्या थांबतात, त्या घरच्यांची घ्यावी. आम्ही आमचा अर्ज लिहिला, तेव्हा आधी आक्कांच्या दारात गेलो. त्यांनी तो पूर्ण वाचून घेतला आणि म्हणाल्या, "शौचालय आधी लिहा, दुकानं मागून." आम्ही तसेच लिहिले.