बेंबीतील छेद आणि रुग्णाचा जमाखर्च

बेंबी हा माणसाच्या अंगावरचा पहिला वण होय. नाळ गळून पडल्यावर उरलेल्या या खळग्यातूनच पित्ताशय अथवा अपेंडिक्स बाहेर काढावे आणि नवा वण जुन्यात दडवून टाकावा, ही कल्पना शल्यचिकित्सकांना मोहात पाडणारी ठरली यात नवल नाही. १९९७ साली इटलीतील नवारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच जखमेतून पित्ताशय काढण्याची पद्धत मांडली. पुढच्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी खास नळ्या आणि वाकडी अवजारे बाजारात आली. तथापि या प्रगतीने रुग्णाच्या पदरात नेमके काय पडले, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

खरी झेप त्याआधीच घेतली गेली होती. पूर्वी पित्ताशयासाठी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे, स्नायू कापले जात आणि रुग्णाला कित्येक आठवडे कामावर जाता येत नसे. जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीच्या साह्याने अपेंडिक्स काढले, एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय. दोघांच्याही वाट्याला व्यवसायबंधूंचा अविश्वासच आला. मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली. श्रीमंतापेक्षा हातावर पोट असलेल्यालाच तिची अधिक गरज आहे, कारण लवकर कामावर परतणे हीच त्याची मिळकत, असे ते आग्रहाने मांडीत.

आता चार छिद्रांवरून एकावर येताना काय साधते ते पाहावे. पित्ताशयाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत बहुधा दोन छिद्रे दहा मिलिमीटरची व दोन पाच मिलिमीटरची असतात. त्यांची बेरीज तीन सेंटिमीटर. बेंबीतील एकच छेद दोन ते अडीच सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कापण्यात बचत ती किती! शिवाय दुर्बीण आणि चिमटे एकाच वाटेने आत गेल्यामुळे ते एकमेकांना अडवितात आणि शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो. अर्थशास्त्रातील घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी थांबत नाही.

लाभाची बाजूही नोंदवावयास हवी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०० रुग्णांच्या एका तुलनात्मक चाचणीत एकछेदी रुग्ण आपल्या वणाविषयी अधिक समाधानी आढळले. परंतु वर्षभरात त्यांच्यापैकी ८.४ टक्के जणांना छेदाच्या जागी हर्निया झाला. चार छिद्रांच्या गटात हेच प्रमाण १.२ टक्के होते. हर्निया म्हणजे बहुधा दुसरी शस्त्रक्रिया, दुसरी रजा, दुसरे बिल. टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाला ते कदाचित झेपेल. पोती उचलणाऱ्या हमालाचे काय? आणि रुग्णाला दिसते ती केवळ कातडी. आतला टाका कसा पडला हे त्याला कधीच कळत नाही. गिऱ्हाइकाला मालाची पारख असते असे गृहीत धरणारे बाजाराचे नियम येथे लंगडे पडतात.

एवढ्यावरून एका छेदाची कल्पनाच टाकाऊ ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. महागड्या नळीऐवजी निर्जंतुक रबरी हातमोजा बेंबीच्या छेदावर बसवून, त्याच्या बोटांतून अवजारे आत घालण्याची युक्ती अनेक शल्यचिकित्सकांनी यशस्वीपणे वापरली आहे. त्याहून उद्बोधक उदाहरण ईशान्य भारतातील ग्रामीण रुग्णालयांत काम केलेल्या डॉ. जे. ज्ञानराज यांचे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवण्याऐवजी पोटाची भिंत एका यांत्रिक साधनाने वर उचलून धरावयाची, असा त्यांचा मार्ग आहे. त्यामुळे वायूचे यंत्र लागत नाही, आणि संपूर्ण भूल न देता पाठीच्या कण्यात सुई टोचून दिलेल्या भुलेवरही काम भागते. जेथे भूलतज्ज्ञ मिळणेच दुरापास्त, तेथे या फरकाचे मोल मोठे. याच रीतीने एकाच छेदातून अपेंडिक्स काढण्याची पद्धत त्यांनी २०१५ मध्ये एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. ती मांडताना त्यांनी भर दिला तो दोन गोष्टींवर: खर्च कमी येतो आणि शिकावयास सोपी जाते.