वसंतातील रामगिरी

वर्धा मार्ग सोडून लोहमार्ग ओलांडला की ज्या वस्तीत आपण शिरतो त्या मनीषनगरात राहणाऱ्या मनुष्याच्या वाट्यास डोंगर सहसा येत नाही. काही दशकांपूर्वीपर्यंत जेथे मोकळी शिवारे होती तेथे आज सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत, आणि क्षितिजाची उंची ठरविण्याचा अधिकार मेट्रोच्या खांबांनी आपल्याकडे घेतलेला आहे. शहरात सीताबर्डीची टेकडी आहे खरी, पण तिच्या माथ्यावरील किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने मनास येईल त्या दिवशी तेथे जाता येत नाही. तेव्हा ज्याला पायांनी डोंगर चढण्याची हौस आहे अशा नागपूरकराने ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवरील रामटेक गाठावे, आणि ते आषाढात न गाठता फाल्गुनात गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत रूढीच्या विरुद्ध आहे याची मला जाणीव आहे. कालिदासाच्या यक्षाने ज्या रामगिरीवर वर्षभराचा विरह कंठला तो हाच डोंगर, हे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी आयुष्यभराच्या व्यासंगाने प्रतिपादिले. मल्लिनाथाने आपल्या टीकेत चित्रकूटाचे नाव घेतले असले आणि इतर काही पंडितांनी सरगुजातील रामगढाचा पक्ष उचलून धरला असला, तरी विदर्भाने आपल्यापुरता या वादाचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. परिणामी पहिला मेघ दिसण्याच्या आशेने आषाढात येथे रसिकांची दाटी होते. त्या दिवसांत डोंगर हिरवा आणि शोभिवंत असतो हे कोण नाकारील. परंतु हिरवळ ही मोठी लबाड गोष्ट आहे, ती सौंदर्य दाखविते आणि बाकीचे सर्व झाकून टाकते.

या सहलीस माझ्यासमवेत जे स्नेही होते त्यांची उभी हयात भूमी अभिलेखाच्या कचेरीत, नकाशे आणि हद्दीच्या खुणा यांच्या सहवासात गेलेली. सूर्योदयापूर्वी मनीषनगरातून निघून कामठी आणि कन्हान मागे टाकीत आम्ही मनसरला उजवीकडे वळलो, तेव्हा डाव्या हातास असलेल्या खाणींकडे बोट दाखवून त्यांनी मँगनीजच्या पट्ट्यांचा सारा इतिहास सांगावयास प्रारंभ केला. तो मी येथे देत नाही, कारण तो ऐकण्याची शिक्षा एकट्याने भोगणे हा मैत्रीचाच भाग आहे.

गावातून थेट माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता जातो आणि बहुतेक लोक त्यानेच जातात. आम्ही अंबाळा तलावाकडून जुन्या पायऱ्यांची वाट धरली. डोंगराच्या कुशीतील या तलावाभोवती लहानमोठी देवळे आणि घाट आहेत, पाण्यावर सकाळचे ऊन नुकतेच उतरलेले असते, आणि तेथून चढणारी दगडी वाट पाहिली की शतकानुशतके यात्रेकरू याच बाजूने का येत असत हे सांगावे लागत नाही. पानगळ जवळजवळ पुरी झालेली होती. साग उघडे पडले होते, पळस मात्र पानांवाचून नुसत्या फुलांनी पेटले होते, काटेसावरीखाली जाड पाकळ्यांचा सडा होता, आणि मध्येच एखाद्या कुसुमाच्या झाडाने अशी तांबडी पालवी धारण केलेली की लांबून तीच फुले वाटावीत. मोहाची फुले गळण्यास अद्याप थोडा अवकाश होता. तांबट पक्ष्याचा ठोका सारखा चालू होता. तो कोठे बसला आहे याचा शोध माझ्या स्नेह्यांच्या मोजणीदार दृष्टीसही लागला नाही.

आणि या उघड्या झाडीतून डोंगराची हाडे दिसू लागली. कोठे तटाची ढासळलेली रांग, कोठे जुन्या बांधकामाचा चिरा, कोठे मूळ खडकाचा लालसर उंचवटा: पावसाळ्यात ज्यांच्यावरून आपण बेलाशक चालत जातो ती प्रत्येक वस्तू आता आपापली हद्द दाखवीत उभी होती. लक्ष्मणमंदिरातील यादवकालीन शिलालेखात या डोंगरास सिंदूरगिरी म्हटले आहे. ते नाव कवीच्या कल्पनेतून आलेले नसून येथील मातीतून आलेले असावे, असे फाल्गुनातच वाटते.

वरच्या अंगास केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन मंदिरे आहेत. रामटेकचे खरे वैभव मी तेथे मानतो, माथ्यावरच्या राममंदिरात नव्हे. ही वाकाटकांच्या काळची, पाचव्या शतकातील बांधणी; आत लाल दगडातील प्रचंड नरसिंह हातात चक्र घेऊन स्वस्थ बसलेला आहे. त्याच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही, मुद्रेवर क्रोध नाही. एखाद्या तृप्त सम्राटाने दरबारात बसावे तशी ती बैठक आहे. केवल नरसिंहाच्या भिंतीवरील चुन्याचा थर दूर केल्यावर गेल्या शतकाच्या नवव्या दशकात एक भग्न शिलालेख उजेडात आला, आणि त्यामुळे या स्थानाचा वाकाटक राजघराण्याशी, विशेषतः प्रभावतीगुप्ता या राणीशी असलेला संबंध दृढ झाला.

ही प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे तिने राज्याचा कारभार स्वतः चालविला. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे येथून जवळचे नगरधन. ऋद्धपूरचा तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, हे मी सांगताच माझे स्नेही एकदम उभे राहिले. ताम्रपट म्हणजे सनदच. सनदेत मुक्काम नोंदविलेला असला तर दस्तऐवज पक्का, असा त्यांचा निर्वाळा. काही वर्षांपूर्वी नगरधनच्या उत्खननात तिची मातीची मुद्राही सापडली आहे, असे मी पुढे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “काऊन हो, सनद आहे, शिक्का आहे, मग त्या कवीच्या साक्षीची गरजच काय?” मला हे बोलणे पटले नाही, पण त्याचा प्रतिवादही त्या चढणीवर सुचला नाही.

वराहाच्या भव्य मूर्तीवरून वराह दरवाजा, त्यापुढे भैरव दरवाजा, शेवटी गोकुळ दरवाजा, असे टप्पे घेत वाट माथ्यावर पोहोचते. वराहाच्या पोटाखालून पापी मनुष्यास निघता येत नाही अशी लोकसमजूत आहे. आम्ही उभयतांनी वयाचे निमित्त सांगून ती कसोटी टाळली. राम व लक्ष्मण यांच्या मंदिरांचा आणि तटाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या अमदानीत झाला. महानुभाव परंपरेप्रमाणे श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करूनच. वाटेत ऋद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली आणि पुढे मराठी गद्याचे भाग्य उजळले. म्हणजे या डोंगराचे ऋण संस्कृताइतकेच मराठीवरही आहे, आणि त्याची आठवण आषाढातील समारंभांत क्वचितच निघते.

तटावरून दक्षिणेकडे पाहिले तर सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो, दुसऱ्या अंगास सूर नदीवरील खिंडसीचे विस्तीर्ण पाणी, आणि मधल्या रानात पळसाचे केशरी ठिपके. पावसाळ्यात हेच दृश्य ढगांनी अर्धे मिटविलेले असते. दहाच्या सुमारास ऊन तापू लागले आणि वानरांच्या टोळ्या आमच्या शिदोरीची चौकशी करू लागल्या, तेव्हा आम्ही उतरलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. रामटेकला नागपुरातून राज्य परिवहनाच्या बसगाड्या जातात आणि इतवारी स्थानकावरून रेल्वेही आहे. मोटार असली तरी ती अंबाळ्यापाशी ठेवावी आणि पायऱ्यांनी चढावे. वानरांना खाऊ घालू नये, नरसिंहाच्या भिंतींवर नावे कोरू नयेत. चैत्रात रामनवमीच्या यात्रेची गर्दी होते आणि तोवर पळसही झडून गेलेला असतो. म्हणून होळीच्या मागचापुढचा आठवडा साधावा.